जुन्या संसारातून वेगळे निघताना

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात करडी नावाचे गाव आहे. इतिहासाच्या ग्रंथांत ह्या गावाचे नाव शोधणाऱ्याच्या हाती फारसे काही लागणार नाही. येथे कोणती मोठी लढाई झाल्याचे वा कोणता तह झाल्याचे कोणी सांगत नाही. वैनगंगेचे खोरे, धानाच्या बांध्या, जवळपासची झाडी आणि उन्हाळ्यात तेंदूपत्त्याची गडबड, असा ह्या मुलखाचा वर्षाचा क्रम. तरीसुद्धा आजच्या विषयाला प्रारंभ करावयाचा तो अशाच एखाद्या गावापासून करावा असे मला वाटते. कारण ३१ ऑक्टोबर १९५६ च्या रात्री करडीचे लोक निजले ते मध्यप्रदेशात, आणि सकाळी उठले ते मुंबई राज्यात. बांध वीतभरही सरकला नव्हता. राज्य मात्र बदलले होते.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन २ नोव्हेंबरला आले होते. म्हणजे वसुबारसेची पूजा एका राज्यात झाली आणि लक्ष्मीपूजन दुसऱ्या राज्यात! तुमसरच्या किंवा गोंदियाच्या ज्या व्यापाऱ्याने त्या सायंकाळी नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढले, त्याच्या जुन्या वहीतले आणि नव्या वहीतले गिऱ्हाईक एकच होते. पण बालाघाट, कटंगी, वारासिवनी, राजनांदगाव ही नावे जुन्या वहीत घरची होती. नव्या वहीत ती परराज्यातली झाली.

आज जगात व्यापारी संघातून एखाद्या देशाने बाहेर पडावे की पडू नये, ह्याची चर्चा मोठ्या हिरीरीने होते. ब्रिटनने २०१६ साली जनमत घेतले, ३१ जानेवारी २०२० ला युरोपीय संघ सोडला, आणि तेव्हापासून त्या निर्णयाचा जमाखर्च मांडण्यात तेथील विद्वान गुंतले आहेत. आपल्याकडच्या वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटतो. वस्तुतः तो दूरचा नाही. एक मोठा, जुना, रुळलेला आर्थिक संसार मोडून एका भागाने वेगळे निघावे, हा प्रयोग आपल्याच पूर्व विदर्भात घडलेला आहे. त्या वेळी कोणकोणत्या चिंता व्यक्त झाल्या, त्यांतल्या कोणत्या खऱ्या ठरल्या, कोणत्या खोट्या, आणि ज्यांची फारशी कोणी चिंताच केली नाही अशा कोणत्या गोष्टी पुढे उभ्या राहिल्या, हे पाहणे उद्‌बोधक आहे.

१

प्रथम हा संसार जमला कसा ते पाहू. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी भोसले वारले आणि पुढच्या वर्षी डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. १८६१ मध्ये नागपूर प्रांत आणि सागर-नर्मदा प्रदेश एकत्र करून इंग्रजांनी मध्यप्रांत निर्माण केला. नागपूर त्याची राजधानी झाली. १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि सिवनी ह्या जिल्ह्यांचे तुकडे काढून बालाघाट जिल्हा घडविण्यात आला. म्हणजे पुढे ज्या बालाघाटपासून भंडाऱ्याची ताटातूट झाली, त्याचा काही भाग मुळात भंडाऱ्याच्याच अंगाचा होता. निजामाकडून कायमच्या पट्ट्याने घेतलेले वऱ्हाड १९०३ मध्ये ह्याच प्रांताच्या कारभाराला जोडले गेले.

कारभाराने जे कागदावर जोडले ते लोखंडाने जमिनीवर पक्के केले. नागपूरहून राजनांदगावकडे जाणारा मीटरगेज लोहमार्ग १८८२ च्या सुमारास पुरा झाला. छत्तीसगड हे धान्याचे कोठार. ते धान्य बाहेर काढणे आणि दुष्काळात ते फिरविणे हा त्यामागचा हेतू. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली, तिने हा मार्ग घेऊन रुंद केला आणि पुढे तो कलकत्त्याशी जोडला. भंडारा रोड, तुमसर रोड, तिरोडा, गोंदिया, आमगाव, डोंगरगड ही स्टेशने एका माळेतले मणी झाली. गोंदियाहून बालाघाट-नैनपूरमार्गे जबलपूरकडे सातपुड्याची छोटी गाडी निघाली. तुमसर रोडहून तिरोडीच्या खाणींकडे फाटा गेला. ह्या मुलखातले मँगनीज पूर्वी कोठल्या बंदराला जात असे, असा प्रश्न कोणी केला तर त्याचे उत्तर केवळ ‘मुंबई’ असे देऊन चालावयाचे नाही. मध्यप्रांताच्या ह्या खनिजाला समुद्राकडे जवळची वाट मिळावी, हा १९३३ मध्ये उघडलेल्या विशाखापट्टणम बंदराचा एक प्रमुख हेतू होता.

वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पूर्व विदर्भाचे आर्थिक तोंड पूर्वेकडे होते. त्याची भाषा त्याला पश्चिमेकडे ओढत होती. ह्या दोन ओढींमधला ताण हाच १९५६ च्या सगळ्या चिंतांचा गाभा होय. तो ताण आजही एका चमत्कारिक रीतीने दिसतो. भंडाऱ्याचा माणूस मंत्रालयात अर्ज घेऊन जातो तो मुंबईला. पण ज्या रेल्वेने तो घरून निघतो, त्या रेल्वेचे मुख्यालय आहे छत्तीसगडातल्या बिलासपूरला.

शिवाय रक्ताची नाती होतीच. तिरोडा, गोंदिया, बालाघाट, वारासिवनी ह्या टापूत पोवारांची वस्ती सलग आहे. लोधी, गोंड, हलबा ह्यांनाही जिल्ह्याची हद्द कधी आड आली नव्हती. मराठी, झाडीबोली, पोवारी, हिंदी, गोंडी असा ह्या मुलखाचा बाजार. आठवडी बाजारात माणूस कोणत्या बोलीत भाव करतो हे त्याच्या राज्यावर अवलंबून नसते, समोरच्या गिऱ्हाइकावर असते.

२

असा हा संसार मोडावयाचा विचार मराठी माणसाच्या मनात का आला? त्याचे कारण केवळ भाषाभिमान असे म्हणणे अपुरे होईल. पैशाचे दुखणेही तितकेच जुने होते. वऱ्हाडचा कापूस भरघोस महसूल देई आणि तो प्रांताच्या इतर भागांवर खर्च होतो, अशी वऱ्हाडची तक्रार इंग्रजी अमदानीपासून होती. तिच्या निवारणासाठी ‘सिम सूत्र’ ह्या नावाने ओळखली जाणारी खर्चवाटपाची पद्धत ठरविण्यात आली होती. पुढे महाराष्ट्रात ‘अनुशेष’ हा शब्द घरोघरी झाला. त्याचा पणजोबा हा असा नागपूरच्या सचिवालयात जन्मलेला आहे.

१ ऑक्टोबर १९३८ रोजी मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळाने मराठी जिल्ह्यांचा वेगळा प्रांत करावा असा ठराव संमत केला. १९४७ च्या ऑगस्टमध्ये अकोल्याचा करार झाला. त्यात संयुक्त महाराष्ट्र मान्य, पण त्यात दोन उपप्रांत असावेत, अशी तडजोड होती. २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. विकासाचा खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात, नोकऱ्यांत आणि शिक्षणाच्या सोयींत योग्य वाटा, नागपूरला उच्च न्यायालयाचे पीठ आणि वर्षातून एकदा विधिमंडळाचे अधिवेशन, अशी त्यातील मुख्य कलमे. त्यावर यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर आदी पुढाऱ्यांच्या सह्या होत्या.

दुसऱ्या बाजूला लोकनायक बापूजी अणे ह्यांच्यासारखे वजनदार पुढारी वेगळ्या विदर्भाचा पक्ष मांडीत होते. फाजल अली आयोगाने १९५५ च्या अहवालात त्यांचे म्हणणे मान्य केले. आठ जिल्ह्यांचे, सुमारे ७६ लाख लोकवस्तीचे विदर्भ राज्य आपल्या पायांवर उभे राहू शकेल, असा आयोगाचा निर्वाळा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५४ मध्ये ह्याच भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली होती. तीत ते पराभूत झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी भाषिक राज्यांवर जे पुस्तक लिहिले, त्यात मराठी मुलखाची चार राज्ये करावीत असे सुचविले. त्यांतले एक पूर्व महाराष्ट्राचे. एक भाषा बोलणाऱ्यांचे एकच राज्य असले पाहिजे असे नाही, आणि लहान भागाला मोठ्या भागाच्या ओझ्याखाली टाकू नये, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते.

दिल्लीने शेवटी दोन्ही बाजूंना न रुचणारा तिसराच मार्ग काढला. विदर्भाचे आठ जिल्हे मध्यप्रदेशातून काढले आणि द्विभाषिक मुंबई राज्यात घातले. साडेतीन वर्षांनी, १ मे १९६० ला, त्या राज्यातून महाराष्ट्र निघाला.

३

आता त्या वेळच्या चिंतांचा पाढा वाचू. ढोबळ मानाने त्या चार होत्या.

पहिली चिंता राजधानीची. पंचाण्णव वर्षे नागपूर राजधानी होते. सचिवालय, उच्च न्यायालय, निरनिराळ्या खात्यांची मुख्य कचेरी, त्यांच्याभोवती वकील, छापखाने, खानावळी, वसतिगृहे असा मोठा पसारा तेथे वाढलेला. भंडाऱ्याचा पक्षकार सकाळी निघून साठ-बासष्ट किलोमीटरवर राजधानीत पोचत असे आणि काम आटोपून दिव्याच्या वेळी घरी येत असे. आता राजधानी नागपूरच्याही पुढे आठशे सदतीस किलोमीटर रेल्वेने. जुन्या राज्याची राजधानी भोपाळला गेली, उच्च न्यायालय जबलपूरला गेले. नागपूरच्या हाती पीठ आणि पुढे हिवाळी अधिवेशन राहिले.

दुसरी चिंता बाजाराची. धान, तेंदूपत्ता, लाकूड, मँगनीज ह्या चारही मालांचे जाळे दोन बाजूंच्या जिल्ह्यांत पसरलेले होते. गोंदियाच्या विडीला पाला लागे तो दोन्हीकडच्या जंगलांतला. तुमसरच्या पेढीवर धान येई ते दोन्हीकडच्या बांध्यांतले. मधे राज्याची रेघ आल्यावर नाके बसतील, परवाने लागतील, कर दुहेरी होतील, अशी धास्ती होती.

तिसरी चिंता श्रीमंत शेजाऱ्याची. मुंबईचे भांडवल आणि पश्चिम महाराष्ट्राचे राजकारण ह्यांच्यापुढे झाडीपट्टीचा आवाज कोणाला ऐकू जाणार?

चौथी चिंता कायद्यांची. जमिनीचे, कुळाचे, मालगुजारीचे, निस्ताराचे इकडचे कायदे निराळे. १९५१ मध्ये मालगुजारी नष्ट झाली तेव्हा गावोगावचे तलाव सरकारजमा झाले होते. कोहळी समाजाच्या तळे बांधण्याच्या जुन्या विद्येवर ज्या जिल्ह्याची शेती उभी, त्या जिल्ह्याचे तलाव आता कोकणातील आणि देशावरील शेतीचा सराव असलेल्या अधिकाऱ्यांच्या हाती जाणार होते.

ह्या चिंतांत स्वार्थ नव्हता असे कोण म्हणेल? नागपूरच्या वकिलाला न्यायालय जाण्याची चिंता होती, घरमालकाला भाडे बुडण्याची होती. परंतु चिंता स्वार्थाची असली म्हणजे खोटी असते असे नाही. इतिहासात पुष्कळदा स्वार्थी माणसालाच धोका आधी दिसतो, कारण त्याचेच लक्ष त्या बाजूला असते.

४

ह्यांपैकी बाजाराची चिंता प्रथमदर्शनी सर्वांत मोठी. तिचे काय झाले?

येथे आपल्या राज्यघटनेची एक थोर पुण्याई कामास आली. अनुच्छेद ३०१ ने भारतभर व्यापार, वाणिज्य आणि जाणे-येणे मुक्त ठेवले आहे. नाणे एक, जकात एक, रेल्वे एक, बँक एक. भिंत घातली ती एका छपराखालच्या दोन खोल्यांमधली होती. छप्पर शाबूत होते. ब्रिटन बाहेर पडला तो छप्पर सोडून. म्हणून तर आयर्लंडच्या बेटावर दोन राज्यांच्या मधली सरहद्द कशी सांभाळावी, हा प्रश्न त्यांना पुरता सुटता सुटेना. त्याच्या तुलनेत भंडारा-बालाघाटची फारकत सौम्य होती.

तथापि छपराखालची भिंतही अगदी निरुपद्रवी नसते. १९५६ साली राज्ये फिरली, आणि त्याच वर्षी केंद्रीय विक्रीकराचा कायदाही आला. मोटारीच्या तेलावर किरकोळ विक्रीकर बसवून १९३८ मध्ये संघ न्यायालयापर्यंत भांडणारा प्रांत हाच. विक्रीकराच्या विद्येत तो मुळातच पुढारलेला. आता नव्या कायद्याने राज्याराज्यांमधल्या विक्रीवर वेगळा कर आला. प्रारंभी तो नोंदलेल्या व्यापाऱ्याला शेकडा एक होता, १९७५ पर्यंत शेकडा चार झाला. तुमसरहून कटंगीला विकलेला माल आदल्या वर्षी घरातल्या घरातला होता, तो आता ‘आंतरराज्य’ झाला. माल तोच, बैलगाडी तीच, रस्ताही तोच. फॉर्म मात्र नवा.

तेंदूपत्त्याची कथा अशीच. मध्यप्रदेशने १९६४ मध्ये कायदा करून पाल्याचा व्यापार आपल्या ताब्यात घेतला. महाराष्ट्राने वनोपजाच्या व्यापाराचा आपला कायदा १९६९ मध्ये केला. एकाच जंगलाच्या दोन काठांवर पाने तोडणाऱ्या दोन बहिणींचे भाव आता दोन राजधान्यांत ठरू लागले.

आणि धान? त्याची गोष्ट सांगण्यापूर्वी थोडे बाहेर डोकवावे लागेल. १ एप्रिल १९३७ रोजी ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून वेगळा झाला. तेथून लाखो टन तांदूळ आपल्याकडे येत असे. त्या फारकतीच्या वेळीही व्यापाराची मोठी चिंता व्यक्त झाली. म्हणून काही वर्षे दोहोंमध्ये जकात न बसविण्याची व्यवस्था केली गेली आणि तांदूळ पूर्वीसारखाच येत राहिला. चिंता करणारे भित्रे ठरले! पण १९४२ च्या मार्चमध्ये जपान्यांनी रंगून घेतले आणि तांदळाचा तो झरा एकदम आटला. त्यानंतर हिंदुस्थानातल्या प्रांतांनी काय केले? प्रत्येकाने आपापल्या वेशी लावून घेतल्या. धान्य बाहेर जाऊ नये म्हणून प्रांतांनी बंदी घातली, जिल्ह्यांनीही घातली. १९४३ मध्ये बंगालने त्याची किंमत मोजली. दुष्काळाची कारणे पुष्कळ होती. त्यांत हे एक होते, ह्यात शंका नाही.

ह्या कथेचा बोध असा की, सुकाळात सरहद्द दिसत नाही. टंचाई आली म्हणजे ती जमिनीतून उगवते. भंडाऱ्यालाही हे लवकरच कळले. १९६४ च्या अन्नटंचाईत तांदळाच्या व्यापारासाठी एकेका राज्याचा एकेक कोंडवाडा झाला. महाराष्ट्र सरकारने भाताची आणि ज्वारीची एकाधिकार खरेदी सुरू केली. भंडाऱ्याचा धान पिकविणारा शेतकरी आता मुंबईच्या गरजेच्या हिशेबात आला. तुटीच्या मोठ्या राज्यातला तो वाढाव्याचा लहान जिल्हा होता. जुन्या मध्यप्रदेशात छत्तीसगडच्या जोडीने तो अनेकांतला एक होता. महाराष्ट्रात धान म्हटले की नजर त्याच्याचकडे वळे.

आजही हे संपलेले नाही. छत्तीसगड हे २००० साली वेगळे राज्य झाले. त्याने २०२३ च्या हंगामात धानाला क्विंटलमागे ३,१०० रुपये दिले, तेव्हा केंद्राचा साधारण धानाचा आधारभाव २,१८३ रुपये होता. महाराष्ट्राने बोनस दिला तो हेक्टरी हिशेबाने. खरेदीच्या दिवसांत बाहेरचे धान आत येऊ नये म्हणून छत्तीसगडच्या सीमेवर तपासनाकी उभी राहतात. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला, आंतरराज्य विक्रीकराचा जाच संपला, कराची नाकी उठली, सारा देश एक बाजार झाला असे आपण म्हणालो. धानापुरते ते खरे झाले नाही. रेघ पुसली कराने आणि पुन्हा काढली भावाने.

५

म्हणजे बाजाराची चिंता काही खरी, काही खोटी ठरली. ती अगदीच खरी ठरली नाही ह्याचे एक सुंदर उदाहरण मँगनीजचे आहे. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग भंडाऱ्यात. तिरोडी, उकवा, बालाघाट पलीकडे. भूगर्भातला पट्टा एक, राज्ये दोन. १९६२ मध्ये जुन्या इंग्रजी कंपनीच्या खाणी घेऊन मँगनीज ओर इंडिया ही कंपनी निघाली. तिच्या भांडवलात ५१ टक्के वाटा केंद्र सरकार, महाराष्ट्र आणि मध्यप्रदेश ह्या तिघांचा मिळून होता आणि ४९ टक्के जुन्या कंपनीचा. मुख्य कचेरी नागपूरलाच राहिली. वेगळ्या निघालेल्या भावांनी एक विहीर सामाईक ठेवावी, तसा हा व्यवहार. जेथे आरंभीच लेखी वाटणी झाली तेथे भांडण माजले नाही.

आता जिची फारशी कोणी चिंता केली नाही ती गोष्ट पाहा. ती म्हणजे पाणी. वैनगंगा उगम पावते मध्यप्रदेशात, सिवनी जिल्ह्यात. बालाघाटातून ती आपल्याकडे येते. एका राज्यात असताना वरचा आणि खालचा हा भेद एका पाटबंधारे खात्याच्या टेबलावर मिटत होता. १९५६ नंतर तो दोन सरकारांचा पत्रव्यवहार झाला. तुमसर आणि कटंगी ह्या दोन्ही बाजूंना पाणी देणारा बावनथडीचा संयुक्त प्रकल्प पुरा व्हावयाला कित्येक दशके लागली. ज्यांच्या डोळ्यांदेखत तो आखला गेला त्यांतल्या अनेकांनी त्याचे पाणी पाहिले नाही. आणि २०२० च्या ऑगस्टअखेर सिवनीतल्या संजय सरोवराचे पाणी सुटले तेव्हा भंडारा शहराच्या वस्त्यांत नावा फिराव्या लागल्या. आकाश जवळजवळ कोरडे होते, पूर वरच्या राज्यातून आला होता. धोक्याची सूचना एका राज्याच्या कचेरीतून दुसऱ्या राज्याच्या कचेरीत पोचेपर्यंत नदी थांबत नाही.

१९५० च्या दशकातली टिपणे, भाषणे, निवेदने ह्यांत भाषा आहे, महसूल आहे, नोकऱ्या आहेत, न्यायालय आहे. नदी फारशी नाही. माणूस वेगळा निघताना भांडी मोजतो. विहिरीचा झरा कोणाच्या शेतातून येतो हे त्याला पहिल्या उन्हाळ्यात आठवते.

६

राहिली तिसरी चिंता, श्रीमंत शेजाऱ्याची. माझ्या मते ह्या सबंध इतिहासाचा कळीचा मुद्दा येथे आहे.

नागपूर करार ही चांगल्या माणसांनी चांगल्या मनाने दिलेली वचने होती, ह्यात मला संशय नाही. पण तो करार कोणी कोणाशी केला होता? तो पुढाऱ्यांनी पुढाऱ्यांशी केला होता. त्याच्या पालनासाठी न्यायालयात जाता येत नव्हते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ मध्ये विकास मंडळांची तरतूद आली. मात्र राष्ट्रपतींना ती मंडळे करता येतील, असा तिचा घाट होता. केलीच पाहिजेत असा नव्हता. ‘येतील’ आणि ‘पाहिजेत’ ह्या दोन क्रियापदांमधले अंतर किती? ते अंतर भारतीय राजकारणाने मोजून दाखविले आहे: अडतीस वर्षे. मंडळे स्थापन झाली १९९४ मध्ये, आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली.

दरम्यान वि. म. दांडेकर ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये असमतोलाचा हिशेब मांडला. राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये, त्यात विदर्भाचा सुमारे १,२४७ कोटी. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन झाले तेव्हा त्याचा खर्च ३७२ कोटींच्या घरात धरला होता. तीस वर्षे उलटून गेली तरी त्याचे सगळे कालवे पुरे नव्हते, आणि खर्चाचा आकडा कित्येक पटींनी फुगला होता.

म्हणून संयुक्त महाराष्ट्र चुकला काय? तसे मी म्हणणार नाही. जुन्या मध्यप्रदेशात राहिलो असतो तर झाडीपट्टीला गंगा आली असती, असे मानण्याला आधार नाही. जबलपूर-भोपाळच्या राजकारणात मराठी जिल्ह्यांची वाट सुकर झाली असती असे समजणे भाबडेपणाचे होईल. आज सौंसर, पांढुर्णा, मुलताई ह्या मराठी वस्तीच्या भागांत मराठी शाळांची काय अवस्था आहे, हे तेथील लोकांना विचारावे. भाषेचे राज्य मिळाले हे लाभाचे झाले. करडीच्या मुलाला त्याच्या भाषेतला अर्ज, निकाल आणि पाठ्यपुस्तक मिळू लागले. ते लहान सुख नव्हे. ज्यांना स्वतःच्या भाषेत सरकारला शिव्या देता येत नाहीत त्यांना त्या सुखाची किंमत कळते.

पण एक गोष्ट निखालस चुकली. वेगळे होण्याच्या आणि एकत्र येण्याच्या घाईत वचने आधी घेतली गेली आणि ती पाळून घेण्याची यंत्रणा मागाहून पाहू असे ठरले. फारकतीच्या आदल्या दिवसापर्यंत दुर्बळ पक्षाच्या शब्दाला किंमत असते, कारण त्याचे मत हवे असते. दुसऱ्या दिवसापासून तो केवळ अर्जदार उरतो. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा पाडाव झाला तेव्हा विदर्भाने दिलेल्या जागांनी मुंबईचे मंत्रिमंडळ तरले. त्या वेळी विदर्भाच्या हाती जेवढे बळ होते तेवढे पुढे क्वचितच आले. त्या बळावर करारातले एकेक वचन कायद्यात गोवून घ्यावयास हवे होते. तसे झाले नाही. १९६२ मध्ये नागपूरने बापूजी अण्यांना लोकसभेत पाठवून आपली नापसंती नोंदविली; पण तोवर वहीवर कुंकू लागून गेले होते.

ब्रिटनमध्ये जे घडले त्याच्याशी ह्याची तुलना करून पाहावी. तेथे बाहेर पडणाऱ्यांनी अमुक मिळेल, तमुक वाचेल अशी आश्वासने दिली. ती देणारे बहुतेक जण पुढे दुसऱ्याच पदांवर किंवा घरी होते. मतदाराने दाद मागावयाची कोणाकडे? वचन देणारा आणि ते पाळणारा एक नसला म्हणजे असेच होते. हा दोष इंग्रजाचा नाही, मराठ्याचाही नाही; फारकतीच्या प्रक्रियेतच तो आहे. म्हणून ज्यांना उद्या कोठल्याही संघातून बाहेर पडावयाचे असेल किंवा कोठल्याही संघात शिरावयाचे असेल, मग तो वेगळ्या विदर्भाचा प्रश्न असो की देशादेशांमधल्या व्यापारी कराराचा, त्यांनी पूर्व विदर्भाचा हा अनुभव वाचावा. माल आपली वाट शोधून काढतो. त्याची फार काळजी करू नये. काळजी करावी ती तीन गोष्टींची: टंचाईच्या वर्षी वेस कोण लावणार, वरचे पाणी कोण सोडणार, आणि दिलेला शब्द मोडला तर फिर्याद कोठे ऐकली जाणार.

ही तीन उत्तरे लेखी मिळाल्याखेरीज दारचे तोरण बदलू नये.

आज ह्या मुलखातून फिरताना ती १९५६ ची रेघ डोळ्यांना दिसत नाही. धानाच्या बांध्या दोन्हीकडे सारख्याच पिवळ्या होतात, हलके धान दिवाळीच्या आसपास दोन्हीकडे कापणीला येते. बालाघाटची मुलगी तुमसरच्या घरी सून म्हणून येते आणि भाऊबिजेला माहेरी जाते. तिच्या दृष्टीने हे परराज्य नव्हे, नुसते सासर आणि माहेर. पण यंदाचे धान कोणत्या केंद्रावर, कोणत्या सातबाऱ्यावर आणि कोणत्या भावाने घालावे, हा विषय भाऊबिजेच्या ताटावर निघाला म्हणजे बहीण आणि भाऊ दोन राज्यांचे होतात. सत्तर वर्षे होत आली, तो हिशेब अजून मिटलेला नाही.